पंधरा बरण्यांची धूळ

११ जानेवारी १९८९, बुधवार

त्या सकाळीही मी आधी तुळशीची पानं पुसली होती. ओलं फडकं बोटाला गुंडाळून एकेक पान, देठाकडून टोकाकडे. फडकं दोनदा पिळलं, दोन्ही वेळा पाणी विटेच्या रंगाचं निघालं. मग अंगणात सडा, मग सोप्याची लादी, मग जनेलाची, खिडकीची दारं. पाववाला पोदेर भोंगा वाजवत आला तेव्हा खनिजाचा पहिला ट्रक नुकताच गेला होता, म्हणून मी त्याला टोपलीतले वरचे उंडे बाजूला सारून खालचे काढायला लावले. हे कदेल पुढे ओढून त्यावर बसून बूट घालत होते. म्हणाले, "तुळशीक न्हाण जालें, घोवाक च्या केन्ना?" मी म्हटलं, तुळस नवऱ्यासारखी तक्रार करत नाही. त्या दिवशी दुसरं काहीच घडलं नाही. कोणता महिना होता तेही सांगता येणार नाही. यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. आठवते ती ही सकाळ, इस्पितळातली नाही.

आज आठवली, कारण एका मुलीने मला विचारलं की सकाळी उठून तुम्ही काय काय पुसता.

मुलीचं नाव शालिनी कुंकळयेकर. पंचविशीची असेल. बडोद्याला नगररचना शिकते आणि शेवटच्या वर्षाच्या अभ्यासासाठी तिने आमचा डिचोलीचा रस्ता घेतला आहे. शहरं माणसांना आजारी का पाडतात आणि बरं कशी ठेवू शकतील, असा काहीसा विषय. सावली कुठे आहे, पाणी कुठून वाहतं, बायका ओझं घेऊन कुठे थांबतात, हे सगळं ती नकाशावर मांडते. नगरपालिकेने तिला सांगितलं आहे की एप्रिलच्या सभेत तुझे आकडे ठेव. त्याच सभेत ठरायचं आहे की खनिजाचे ट्रक आमच्या घरांसमोरूनच जाणार, की नदीच्या बाजूने बाहेरचा रस्ता होणार.

तिची प्रश्नावली कोंकणीत छापलेली. वाड्यावरच्या बायका हसल्या. आपण चुलीपाशी बोलतो ते छापलेलं बघून जानकीला तर पदर तोंडाला लावावा लागला. "तुमी सांजेर खंय बसतात?" असा संध्याकाळी बसायच्या जागेचा एक प्रश्न होता. जानकीने उभ्यानेच उत्तर दिलं, "बसतां? बसपाक वेळ आसलो जाल्यार हांव तुका जाप दिवपाक उबी रावली नासती."

शालिनीने माझ्याकडे पुस्तकं पाहिली, ही वहीही पाहिली. घरात कोंकणी, मग वही मराठीत कशी, म्हणाली. मी चौथीपर्यंत मराठी शाळेत होते, पुढचं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांनी शिकवलं. लिहायला बसलं की हीच भाषा हाताला येते. ती त्यावर वाद घालेल असं वाटलं होतं. तिने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, घरात कोणाला खोकला आहे का. मी म्हटलं, होता त्यांना. ते गेले.

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मला तेव्हाच ठसका लागला होता, थंडीचा.

१३ जानेवारी

शालिनीने पंधरा घरांना पंधरा बरण्या दिल्या. रुंद तोंडाच्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या, तळाला थोडं पाणी. कुंपणाच्या खांबावर किंवा पत्र्यावर ठेवायच्या. महिनाभर जी धूळ पडेल ती पाण्यात बसेल, मग ती वाळवून तिचं वजन करायचं. यंत्र नाही, काही नाही. मला फार आवडलं. वाड्याची जबाबदारी तिने माझ्यावर टाकली, कारण मला लिहिता येतं आणि घरी माझी वाट बघणारं कोणी नाही. दुसरं कारण ती बोलली नाही.

मी दारोदार जाऊन सांगितलं. बरणी हलवायची नाही, वर कपडे वाळत घालायचे नाहीत, कावळा बसला तर हाकलायचा, पाणी आटलं तर मला बोलवायचं. तेरा फेब्रुवारीला सोमवारी अकराच्या बसने ती येणार, तेव्हा बरणी परत द्यायची. सगळ्यांना तारीख पाठ होईपर्यंत मी दारातून हलले नाही.

पहिली बरणी जानकीची. तिचं घर ऐन रस्त्याला, दारात मोठं ओंवळीचं, बकुळीचं झाड. माझं चौथं. शेवटचं, पंधरावं, पार्वतीचं, शेताच्या कडेला. तिचा नवरा ट्रक चालवतो, सावंतवाडीकडची माणसं. पार्वती म्हणाली, "माझ्या घराकडे कसली धूळ गावतली तिका? धूळच नाय हय." मी म्हटलं, कमी असेल तर कमी, तेही तिला हवंच आहे.

२ फेब्रुवारी

वाडाभर हळदीकुंकवं चालू आहेत. मला बोलावणं नसतं, ते बरोबरच. संध्याकाळी सोप्यावर बसलं की बायका नवी लुगडी नेसून जाताना दिसतात. आधी वाईट वाटायचं. आता त्या परत येताना वाण काय मिळालं ते मला दाखवून जातात, म्हणून बरंही वाटतं. यंदा सगळीकडे प्लास्टिकचे डबे.

बरण्या बघून आले. सगळ्या जागच्या जागी. कुणात किती बसलं ते वहीच्या मागच्या पानावर घरागणिक लिहून ठेवलं. जानकीच्या बरणीत पाणी दिसतच नाही, लाल चिखल आहे, बोटाच्या दोन पेरांइतका. पार्वतीची जवळजवळ स्वच्छ. बघताना मला एक विचित्र समाधान झालं. यांना शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, दमा अनेकांना असतो. मी म्हटलं होतं, या रस्त्यावर जास्त जणांना असतो. ते म्हणाले, ते कोणी मोजलंय?

आता मोजतंय कोणीतरी.

खोकला हटत नाही. हवा बदलते आहे. मिरीचा काढा घेतला.

१३ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी नऊला बरण्या गोळा करायला निघाले. जानकीने बरणी हातात दिली ती चकचकीत. राखेने घासलेली, आत खोबऱ्याची वाटी आणि गुळाचा खडा. मला कळेना. म्हटलं, ही कोणती? म्हणाली, "तीच गो. परक्याचें आयदन तशेंच बुरशें दितात?" दुसऱ्या घरी तेच, आत मूठभर तांदूळ. तिसऱ्या घरी साखर. कोणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, न घासता तर देऊच नये. लहानपणापासून हेच शिकलो आहोत आणि मीही आजवर कोणाचं तसं दिलेलं नाही. शनिवारी जानकीकडे हळदीकुंकू होतं, तिथे सगळ्यांचं ठरलं की शिकणारी पोर आहे, हाताने काही गोड गेलं पाहिजे. महिनाभर त्यांनी बरणीला बोट लावलं नाही. मी सांगितलं होतं परत द्यायच्या दिवसापर्यंत, तर परत द्यायच्या दिवशी घासली. मी त्या हळदीकुंकवाला असते तर तिथेच ऐकलं असतं.

चौदा बरण्या घासलेल्या. फक्त माझी तशीच.

मी जानकीच्या पायरीवर बसले आणि सांगितलं की मुलीचा महिना गेला, सभा एप्रिलमध्ये आहे, पुन्हा ठेवायला तिला कॉलेजातून सवड मिळणार नाही. बायका जमल्या. कोणी म्हणालं, तिला सरळ सांगू. म्हातारी यशोदा म्हणाली, "सांगून ती रडतली. धूळ कितें थोडी आसा हांगा?" आणि उठून तिने आपल्या पायरीवरची धूळ सुपलीत भरली.

तिथे मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलंही, एकदा. पण साडेनऊ वाजून गेले होते, बस अकराची. आणि त्या खोटं करत होत्या असं मला तेव्हा वाटलं नाही. प्रत्येक जण बोट दाखवून सांगत होती, माझ्यात एवढी होती, नाही गो, त्याहून कमी. भांडत होत्या खरेपणासाठी. मी चिठ्ठ्या चिकटवल्या. घर पहिलं, घर दुसरं, माझ्याच अक्षरात.

जानकीने आपल्या बरणीत चिमूटभर घातली. मी म्हटलं, जानकी, मी पाहिली होती, दोन पेरं होती. ती म्हणाली, "पुरो. लोकांक दिसचें म्हणून घरांतली घाण कितें वजन करून दिवपाची?" तिच्या मुलीला, सुमंगलेला, बघायला म्हापशाची माणसं येणार आहेत. पार्वतीकडे गेले तर तिने अर्धी बरणी भरून ठेवलेली. एवढी कशाला? म्हणाली, देऊचा तर हात आखडून कसा देऊचा?

मी पार्वतीला थोडी काढायला लावली. जानकीला थोडी घालायला लावता आली नाही.

शालिनी अकराला आली, बरण्या घेऊन गेली. खोबरं, गूळ, तांदूळ वेगळ्या पिशवीत बांधून दिले. ती इतकी खूश झाली की मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

१४ फेब्रुवारी

झोप लागली नाही. आज दोनदा पोस्टकार्ड घेतलं आणि दोनदा ठेवून दिलं.

यांची आठवण आली. हे खनिजाच्या काट्यावर कारकून होते, येणाऱ्या प्रत्येक ट्रकचं वजन लिहायचे. कधी काटा एक दाखवायचा आणि लिहायला दुसरंच सांगितलं जायचं. हे लिहायचे. म्हणायचे, काटा देवाचा, वही मालकाची. त्या दिवशी जेवताना मात्र वाढलेलं न बघता जेवायचे.

पण धूळ तर आहेच ना. मी काही नसलेली धूळ आणली नाही.

३ मार्च

शालिनीचं पत्र. आकडे फार मोठे आले आहेत, तिच्या शिक्षकांनी दोनदा विचारलं, खात्री आहे का. तिने लिहिलं, माझ्या सुशीलावयनीने सांभाळलं आहे, खात्री आहे.

माझं नाव पत्रात तीन वेळा आहे. मला आनंद झाला. तो का झाला याचा विचार केला नाही, भात चढवला.

आज मोठी ट्रकची रांग होती, एकामागून एक. दुपारी जिना चढून माळ्यावर गेले, तिथे बसावं लागलं. वय होतं आता, त्रेपन्न संपेल.

२४ मार्च

शिगमो झाला. कपड्यांच्या दुकानाचे मालक गोकुळदास, जे आमच्या प्रभागाचे नगरसेवकही आहेत, घरी आले. कधी येत नाहीत. खुर्ची पुढे केली, बसले. म्हणाले, त्या मुलीचा अहवाल पालिकेत आला आहे आणि सगळे खूश आहेत. मला वाटलं बाहेरचा रस्ता होणार. मी चहाबरोबर चकल्या दिल्या, ठेवणीतल्या.

ते म्हणाले, बाहेरच्या रस्त्याची गरजच उरली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं लावली की काम झालं, हे आता शास्त्राने सिद्ध झालं आहे. ट्रकवाले आनंदी, कंपनी रोपं फुकट देणार, गाव हिरवं. आणि मग चहा संपवून म्हणाले, पहिलं रोप तुमच्या हातून लावायचं, वयनी. वाड्यातल्या बायकांचं नेतृत्व तुम्ही केलंत.

मी त्यांची कपबशी उचलली. दीड वर्षात मला कोणी कशाच्या सुरुवातीला बोलावलं नव्हतं. त्याआधी सवाष्ण म्हणून बोलवायचे, ती गोष्ट वेगळी. ते गेल्यावर मी ट्रंकेतलं निळं लुगडं काढून उन्हात घातलं. हे लिहिताना लाज वाटते, पण घातलं.

झाडं काही वाईट नाहीत.

९ एप्रिल, रविवार

अहवालाची एक प्रत शालिनीने मला पाठवली होती. इंग्रजीत टाईप केलेला, तेहतीस पानं. यांच्या वजनाच्या पावत्यांवरून मी इंग्रजी अक्षरं शिकले होते, बाकीचं शब्दकोशावरून. बारा दिवस रोज दोन-तीन पानं केली. पुष्कळ सोडून द्यावं लागलं. पण तिचं लिहिणं सरळ आहे. बाजाराला जाणाऱ्या बायका दोन ठिकाणी थांबतात, दोन्ही ठिकाणी झाड आहे, तिथे बाक हवा. शाळेची वाट ट्रकच्या वाटेला छेदते, ती वेगळी हवी. व्हाळ बुजवलात तर पावसाचं पाणी घरात येईल, तो उघडा ठेवा. झाडाखाली दुपारी दोन वाजता उष्णता रस्त्यापेक्षा चार अंशांनी कमी. हे सगळं मी रोज बघते आणि मला कधी सुचलं नव्हतं. वाचताना वाटलं, असं गाव झालं तर मीही संध्याकाळी कुठेतरी बसेन.

अठ्ठाविसाव्या पानावर नकाशा आहे. पंधरा घरं, प्रत्येकापाशी आकडा. पहिल्या घराचा सगळ्यात लहान. पंधराव्याचा सगळ्यात मोठा.

खाली तिने लिहिलं आहे, मी शब्द शब्द लावून तीनदा वाचलं. रस्त्यालगतच्या पहिल्या घरात शेतातल्या शेवटच्या घराच्या सहाव्या हिश्श्याइतकीच धूळ पडली. दोन्ही घरांत मोठा फरक एकच, पहिल्या घरासमोर दाट जुनं झाड आहे, शेवटच्या घरासमोर नाही. म्हणून अंतरापेक्षा झाडाचा परिणाम अधिक आहे, असं दिसतं.

ते झाड नव्हतं. ती जानकीची चिमूट होती आणि पार्वतीचा सढळ हात.

११ एप्रिल

सारखी आतबाहेर करते आहे. दूध उतू गेलं.

शालिनीने मूळचं बाहेरच्या रस्त्यासाठी सुरू केलं होतं. पहिल्या दिवशी तिने मला नदीकडची रेघ दाखवली होती, पेन्सिलीने काढलेली. आमच्या धुळीनेच ती रेघ पुसली. शुक्रवारी एकवीस तारखेला सभा. एकदा झाडांचा ठराव झाला की पुढची वीस वर्षं कोणी रस्त्याचं नाव काढणार नाही. विचाराल तर म्हणतील, तुमच्याच बरण्यांनी सांगितलं.

सांगायचं तर काय सांगायचं? माझा एक सोडून सगळे आकडे खोटे आहेत एवढं सांगितलं तर शालिनीचं वर्ष जाईल आणि सभेत लोक हसतील. उपयोग व्हायचा तर घराघरांचं सांगावं लागेल. कुठल्या बरणीत आधी किती होतं ते मी दोन फेब्रुवारीला डोळ्यांनी पाहिलं आहे, या वहीत लिहिलंही आहे. म्हणजे जानकीचं नाव घ्यावं लागेल.

१५ एप्रिल

जानकीबद्दल लिहायला हवं.

भाषेचं भांडण चालू होतं तेव्हा हे मराठीच्या मोर्चाला गेले होते आणि जानकीचा नवरा कोंकणीच्या. सात महिने दोन घरं बोलली नाहीत. विहिरीवर मी आले की ती घागर उचलून जायची. तिच्या घरात मी आणि माझ्या घरात ती ज्या भाषेत बोलायचो तीच भाषा, तरी. मग गोव्याचं राज्य झालं, पेढे वाटले गेले, आणि ऑक्टोबरात हे गेले. सकाळी सहाला दार वाजलं. जानकी पेजेचं तपेलं घेऊन उभी. काही म्हणाली नाही. तेरा दिवस तपेलं येत राहिलं.

म्हापशाची माणसं सुमंगलेला पसंत करून गेली आहेत. बोलणी अजून पक्की नाहीत. रस्त्यावरच्या घरातली मुलगी म्हटलं की लोक आधी छाती तपासून घ्या म्हणतात, हे खरं आहे. मागच्या वर्षी एक स्थळ याच कारणाने मोडलं.

मी नाव घेतलं तर सभेत पहिलं घर म्हणून आकडा वाचला जाईल, जानकीच्या घरात सगळ्यात जास्त.

२० एप्रिल, गुरुवार

मंगळवारी संध्याकाळी जानकीकडे गेले. आधी तिला विचारायचं ठरवलं होतं. ती अंगणात आमसुलं उन्हातून काढत होती, त्यांच्यावरही लाल थर बसला होता, फुंकून फुंकून डब्यात भरत होती. सुमंगला आत होती. मी अहवालाचं पान उघडून दाखवलं, नकाशा समजावला. जानकीला वाचता येत नाही, पण आकडा लहान-मोठा कळतो. तिला आधी बरंच वाटलं. पहिल्या घराला सगळ्यात कमी.

मग मी बाकीचं सांगितलं. ट्रक इथूनच जाणार, बाहेरचा रस्ता नाही, आणि ते तिच्या बरणीमुळे.

ती आमसुलं भरत राहिली. मग म्हणाली, "चूक तुजी. परत दिवपाची म्हणून तूंच सांगलें."

मी म्हटलं, हो, माझी. म्हणून मीच सांगणार.

"सांग. पुण म्हजें नांव घेवं नाका."

मी म्हटलं, नाव घेतल्याशिवाय ते खरं होत नाही. पहिलं घर म्हटलं तरी तुझंच.

तेव्हा ती उभी राहिली. डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुजो घोव गेलो म्हूण आतां म्हज्या चेडवाचें लग्न मोडपाचें?"

मी अहवाल मिटला. तेरा दिवस जिने पेज आणली तिने हे बोलावं, आणि बोलली त्यात थोडं खरंही असावं. मी हे सगळं यांच्यासाठीच करते आहे का? डॉक्टरांनी विचारलं होतं कोणी मोजलंय, त्याचं उत्तर मला द्यायचं आहे का? असेल. मी एवढ्या दिवसांत स्वतःला हे विचारलं नव्हतं.

आतून सुमंगला आली. तिने सगळं ऐकलं असणार. आईच्या हातातून डबा घेतला, मला म्हणाली, "मावशी, तुमी बसात, पाणी दितां." पाणी देताना ती खोकली, तोंड वळवून, हळू. जानकीने तिच्याकडे बघितलं. मीही बघितलं. त्यानंतर मलाही खोकला आला आणि पाणी पिता येईना. सुमंगलेने माझी पाठ चोळली. तिचा हात जरा जास्त वेळ पाठीवर राहिला, आणि ती आईला म्हणाली, मावशीला डॉक्टरकडे न्यायला हवं. मी म्हटलं, छे, ठसका आहे.

निघताना जानकी कुंपणापर्यंत आली नाही. नेहमी येते.

घरी आले, भात केला, जेवले नाही. ट्रंकेतलं निळं लुगडं वरच होतं, ते घडी करून खाली ठेवलं. सभेला तीन दिवस होते. गप्प राहिले तर शुक्रवारी झाडांचा ठराव होईल, सोमवारी माझ्या हातून रोप लागेल, जानकी माझ्याशी बोलेल, सुमंगलेचं ठरेल, शालिनी पहिल्या वर्गात पास होईल. कोणाचं काहीच बिघडणार नाही. असं मांडून बघितलं तेव्हा ते इतकं सोपं दिसलं की मला घरात थांबवेना. सोप्यावर गेले. रस्त्यावर शेवटच्या खेपेचे ट्रक रिकामे परत येत होते, मागच्या फाळक्याचे पत्रे वाजवत.

दुसऱ्या दिवशी मी ही वही पिशवीत घातली आणि सातच्या बसने पणजीला गेले. शालिनी सभेसाठी येऊन तिथे मावशीकडे उतरली होती, घर सापडायला वेळ लागला. ती नुकतीच उठली होती. मी बसण्याआधीच तिला सगळं सांगितलं, आधी माझं, मग पार्वतीचं, मग जानकीचं, नाव घेऊन. मग तिने मेजावरचा अहवाल उलटा केला, कोरी पाठ वर घेतली, पेन्सिल उचलली आणि म्हणाली, पहिल्या घरापासून सांगा. मी वही उघडली आणि सांगितलं.